मिठात आलेला नमुना

१४ जानेवारी १९९१, सोमवार

लॅबच्या रजिस्टरात आठ रकाने आहेत. त्यांत न बसणाऱ्या गोष्टींसाठी ही वही. थोडंच लिहायचं असं ठरवलं आहे.

पनवेलला येऊन सहा आठवडे झाले. डॉ. प्रभाकर टिपणीस मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळातून पॅथॉलॉजिस्ट म्हणून निवृत्त झाले आणि त्यांनी आपल्या गावी दोन खोल्यांची लॅब काढली. बाहेरच्या खोलीत रक्त-लघवी. आतल्या खोलीत माझं काम. शस्त्रक्रियेत काढलेले तुकडे नासू नयेत म्हणून फॉर्मलिन या औषधात पक्के करायचे, मेणात बसवायचे, मायक्रोटोमवर चार मायक्रॉनचे काप काढायचे, रंगवायचे. ते काप डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तिसरा माणूस दादू. पन्नाशीचा आहे, काचसामान धुतो आणि गावातल्या बातम्या पुरवतो.

आज त्याने तिळगूळ हातावर ठेवला. "ताई, गोड बोला. म्हणजे, निदान बोला तरी."

डॉक्टर हसले. मी मायक्रोटोमचं पातं पुसत होते.

२१ जानेवारी, सोमवार

सकाळी दहाला एक बाई लंगडत आली. उजव्या पायाला पट्टी, टाच टेकवत नव्हती. हातात सर्जन डॉ. हेतल शहांची चिठ्ठी: सोनाबाई, वय ४६, जासईच्या पुढे खाडीकाठी राहते, मिठागरात काम. उजव्या टाचेवरचा काळा डाग थोड्या कडेसह पूर्ण काढला आहे. शनिवार, सकाळी ११.३०. मेलॅनोमा? कातडीच्या या कॅन्सरपुढच्या प्रश्नचिन्हाखाली दोन रेघा.

नमुना शहाबाईंनी दिलेल्या बाटलीत नव्हता. लोणच्याच्या छोट्या बरणीत ओलं करडं मीठ होतं आणि त्याच्या मधोमध तो तुकडा.

"बाटली कुठे आहे?"

"फुटली. औशद सगला सांडला. मंग मिठात घातला."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोनी कला सांगाया पायजे? मिठात काय नासत नाय, बाय."

"ही मासळी नाही," मी म्हणाले.

ती बरणीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नाय. माजी टाच हाय ती."

दादू पाठ फिरवून हसला. मी बरणी घेतली. ‘फॉर्मलिनमधला काळ’ या रकान्यात ‘ठाऊक नाही’ लिहिलं. बाटली शनिवारी दुपारी प्रवासात फुटली असणार. म्हणजे पक्क्या न झालेल्या, कच्च्या तुकड्याला पंचेचाळीस तास मीठ. मीठ पाणी ओढून घेतं. तुकडा आकसला असणार. किती, ते मला माहीत नाही आणि मला माहीत असायला हवं.

२२ जानेवारी, मंगळवार

एका मधुमेही रुग्णाचा कापलेला पाय आला. टाचेची कातडी धड होती. डॉक्टरांना विचारून तिचे शेजारशेजारचे सहा तुकडे कापले. तीन सरळ फॉर्मलिनमध्ये. तीन आधी पंचेचाळीस तास ओल्या मिठात, मग फॉर्मलिनमध्ये. उरलेली कातडी वेगळ्या बरणीत फॉर्मलिनमध्ये ठेवली.

दादूने दुकानातून खडेमीठ आणलं. "काय लोणचं घालताय का ताई?"

मी त्याला ते परत न्यायला लावलं. सोनाबाईच्या बरणीतलंच मीठ वापरलं. दुसरं चाललं नसतं.

२४ जानेवारी, गुरुवार

मेलॅनोमाच आहे.

डॉक्टरांनी दुसरी खुर्ची ओढून मला बसवलं आणि काप दाखवला. काळ्या रंगाच्या पेशी वरच्या थरातून खाली उतरलेल्या. "हा किती वाईट, हे कशावरून ठरतं, सांग."

मी पुस्तकातलं सांगितलं: आकार.

"नाही. खोली. पैशाएवढा पसरलेला असेल आणि कागदाएवढा पातळ असेल, तर बाई म्हातारी होऊन मरते. शेंगदाण्याएवढा असेल आणि खोल असेल, तर नाही होत." मग ते एकेक बोट मिटत गेले. वरची कातडी फुटली आहे का. पेशी किती वेगाने दुभंगतात. जांघेतल्या गाठींत पोचलाय का. अंगावर कुठे आहे. तळपाय वाईट, कारण तो कुणी बघत नाही. वय. आणि बाई असेल तर थोडं बरं, का ते कुणालाच माहीत नाही.

"बाई असण्याचा कुठेतरी फायदा झाला म्हणायचा," दादू मोरीवरून म्हणाला.

डाग दोन वर्षं होता. शहाबाईंच्या चिठ्ठीत मागल्या बाजूला सगळं लिहिलं आहे. कुरूप समजून नणंदेने बिब्बा लावला. बिब्ब्याने कातडी काळी पडतेच, म्हणून पुढचं सगळं काळेपण बिब्ब्याच्या नावावर गेलं. शहाबाईंकडे ती हातावरचं गळू दाखवायला गेली होती. चप्पल दाराबाहेर काढून टेबलावर चढली, तेव्हा शहाबाईंची नजर टाचेवर गेली. गळू बघायला आलेल्या बाईची टाच बघणारे सर्जन किती असतील?

वरची कातडी सलग आहे, इतका बिब्बा सोसूनही. ते चांगलं.

खोली मी मोजली. सूक्ष्मदर्शकाच्या आयपीसमध्ये काचेची पट्टी आहे, तिच्यावर बारीक घरं आखलेली. लहान भिंगाखाली एक घर म्हणजे पंचवीस मायक्रॉन, मिलिमीटरचा चाळिसावा भाग. मी स्वतः पडताळून घेतलं आहे. सगळ्यात खोल गेलेली पेशी चोपन्नाव्या घरावर. १.३५ मिलिमीटर. डॉक्टरांनी आणखी खालचे काप काढायला सांगितले, कारण आणखी खोल एखादी पेशी लपलेली असू शकते. वीस काप काढले. चोपन्न. चोपन्न. त्रेपन्न. चोपन्न.

दीड मिलिमीटर म्हणजे साठ घरं. शहाबाईंनी फोनवर सांगितलं आहे: दीडच्या आत असेल तर टाचेवरची कातडी रुंद काढून मांडीची कातडी लावायची. दीडच्या वर असेल तर जांघेतल्या गाठीही काढायच्या. मग तो पाय जन्मभर सुजलेला राहू शकतो. मिठागरात उभं राहणं संपलं.

म्हणजे सगळं सहा घरांवर आहे. आणि तुकडा मिठातून आला आहे.

२८ जानेवारी, सोमवार

प्रयोगाचे काप झाले. सरळ फॉर्मलिनमधल्या कातडीचा वरचा थर एकसष्ट घरं. आधी मिठात ठेवलेल्याचा त्रेपन्न. तेरा टक्के आकसली.

सोनाबाईच्या चोपन्नला हा हिशेब लावला तर बासष्ट होतात. १.५५.

मी कागद डॉक्टरांसमोर ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. "काम सुंदर आहे," ते म्हणाले. "म्हणजे गाठी काढायच्या?"

"आकडा तसं सांगतो."

"आकडा काय सांगतो, की कच्चा तुकडा पंचेचाळीस तास मिठात असेल तर. पंचेचाळीस कुठून आले?"

"बाटली प्रवासात फुटली असणार."

"तिला विचारलंस?"

मी म्हणाले, तिच्याकडे घड्याळ नाही. ती लिहायला-वाचायला शिकलेली नाही. बाटली फुटल्याची वेळ ती काय सांगणार.

डॉक्टरांनी रजिस्टर ओढून तो रकाना काढला आणि माझ्याकडे फिरवला. ‘ठाऊक नाही.’ माझं अक्षर चांगलं आहे, तेही दिसलं.

"कुणाला ठाऊक नाही?" त्यांनी विचारलं.

शहाबाईंचा फोन आला. सोमवारी, चार तारखेला ऑपरेशन आहे. त्यांना शुक्रवारपर्यंत एक आकडा हवा. "संजना, मला कविता नको. नंबर दे."

उद्या सकाळी जाते.

२९ जानेवारी, मंगळवार

उरणच्या एसटीने जासई. तिथून बांधावरून चालत वीस मिनिटं.

बसमध्ये एक वाक्य तयार केलं होतं: बाटली फुटली ती वेळ सांगा, जशी आठवते तशी. त्यापुढे एक शब्द नाही. लवकर की उशिरा, यांतलं काय बरं, हे तिला माझ्याकडून कळता कामा नये. मलाही एक उत्तर हवं आहे, हे बसमध्ये लक्षात आलं. म्हणून जास्त काळजी घ्यायला हवी होती.

ती बांधावर बसली होती. उजवा पाय प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दगडावर ठेवलेला, डावा खाली आगरात, घोट्यापर्यंत खाऱ्या पाण्यात. समोर नवरा तुळशीराम आणि दोन बायका चौकोनी वाफ्याचा चिखल पायांनी तुडवत होत्या. जमीन अशी घट्ट केली की मिठात माती येत नाही.

"कोपरा ऱ्हायला तो," ती नवऱ्यावर ओरडली. "हितून मना दिसतंय, तुमाला तितं उबा ऱ्हाऊन दिसत नाय?"

"सरकारी इंजिनेर हाय बायको माजी," तुळशीराम मला म्हणाला. "बस, बाय. चा करतो."

तिने डाव्या पायाची बोटं पाण्यात हलवली. शेजारच्या वाफ्यात मीठ धरायला लागलं होतं. मी विचारलं, कधी काढायचं हे कसं कळतं. ती म्हणाली, पायाला कळतं. आज पीठ आहे. परवा रवा होईल. चार दिवसांनी टोचेल, पण टोचताना मोडेल, तेव्हा नाही. टोचून मोडणार नाही, तेव्हा काढायचं. "येक दिस चुकला का मीठ कडू."

मी चिमूट घेऊन बोटांत चोळली. मला काही कळलं नाही. मेण सुरीला कधी तयार आहे ते मला अंगठ्याने कळतं. ते कुणाला समजावून सांगता आलेलं नाही.

मग मी माझं वाक्य म्हटलं.

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, बराच वेळ. मग खाडीकडे.

"आयतवारी. माघातल्या गनपतीच्या चवथीला. पानी पार खाली गेलेला."

"रविवारी? शनिवारी बसमध्ये नाही?"

"मी सांगतंय ना. उघाडीचा खिला निगाला होता." तिने बोट दाखवलं. बांधात लाकडी फळी आहे, समुद्राचं पाणी आत-बाहेर सोडायची. तिला ते उघाडी म्हणतात. "तो खिला बाहेरच्या अंगाला. पानी उतारल्याबिगार तितं हात पोचत नाय. पानी तलाला गेला तवा ह्यानला हातोडी पायजे झाली. मी फलीवरून हातोडी ओढली, त्याच्यासंगती बाटली आली खाली."

"तोपर्यंत बाटली नीट होती? तुकडा औषधात बुडलेला?"

"शनवारी आल्यापासना. झाकन मीच दाबून लावलेला. रातीला बगितला बी, बुडलाय का."

"आणि मिठात कधी घातलात?"

"तवाच. औशद भुईत जिरत होता तवा."

तिच्याकडे घड्याळ नव्हतं म्हणून मी आधी विचारलं नव्हतं. ओहोटी किती वाजता तळाला जाते, हे मात्र मला माहीत नव्हतं, आणि तिला होतं. तिने बोटांवर हिशेब केला. जी तिथी असेल तिला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं. चवथ, चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. तीनला दर्याला भरती पुरी. खाडीतून आगराला यायला आणखी अर्धा तास. पहाटे साडेतीन. तिथून उतरायला सहा तासांच्या वर थोडं. पावणेदहा.

मी सांगितलं, मला हे तपासून बघायचं आहे.

"तपास की. आज चौदस. चौदा त्रिक बेचालीस. दर्याला साडेधा, आमच्याकडं अकरा. बस हितंच. तो खांब बग."

मी खांब आणि घड्याळ, दोन्ही बघत बसले. तुळशीरामने चहा आणला. पाणी खांबावरच्या शेवाळाच्या रेघेपर्यंत चढलं आणि थांबलं. एक काडी टाकली होती, ती ना आत सरकली ना बाहेर. अकरा वाजून चार मिनिटं.

"कवडी?" तिने विचारलं, म्हणजे किती वाजले.

मी सांगितलं.

"चार मिन्टा वाऱ्याची," ती म्हणाली.

शनिवारी साडेअकरा ते रविवारी पावणेदहा. बावीस तास पंधरा मिनिटं फॉर्मलिनमध्ये. तो तुकडा चार मिलिमीटर जाड आहे. एवढ्या वेळात तो आतपर्यंत पक्का होतो. म्हणजे मीठ लागलं ते पक्क्या तुकड्याला, आणि पंचेचाळीस नव्हे, चोवीस तास. माझा प्रयोग निर्दोष होता आणि चुकीच्या प्रश्नाचा होता. ती माझ्यासमोर उभी असताना मी दोन वाक्यं विचारली असती तर आठवडा वाचला असता. मी त्याऐवजी मासळीबद्दल बोलले.

उरलेली कातडी संध्याकाळी मिठात घातली.

१ फेब्रुवारी, शुक्रवार

पक्क्या कातडीला चोवीस तास मीठ: एकसष्ट, साठ, एकसष्ट. फरक हाताच्या चुकीएवढा.

एक शंका नोंदवली. माझी कातडी आठवडाभर फॉर्मलिनमध्ये होती, तिची बावीस तास. दोन्ही सारखं नव्हे. डॉक्टर म्हणाले, रिपोर्टात लिहू. त्यांनी सगळंच लिहिलं. खोली १.३५ मिलिमीटर. वरची कातडी सलग. दुभंगणाऱ्या पेशी थोड्या. कडा मोकळ्या. आणि शेवटी: ‘नमुना सुमारे बावीस तास फॉर्मलिनमध्ये व त्यानंतर चोवीस तास मिठात होता. वेळेचा आधार रुग्णाचे निवेदन. ते भरती-ओहोटीवरून पडताळले आहे.’ खाली त्यांची सही. सहीशेजारी माझं नाव लिहायला लावलं. मी नको म्हणाले. "मोजलं कुणी?" ते म्हणाले.

चाळीस वर्षं सह्या केलेला माणूस दोन महिन्यांच्या टेक्निशियनचं नाव शेजारी लिहायला लावतो. याची नोंद असावी म्हणून लिहिलं.

शहाबाईंचा फोन: "टिपणीससाहेब, वीस वर्षांत रिपोर्टमध्ये समुद्र पहिल्यांदा वाचला."

"खारट लागला का?"

"नाही. भरोसा वाटला. गाठी नाही काढत."

४ फेब्रुवारी, सोमवार

ऑपरेशन झालं. तीन तास. टाचेची कातडी खालच्या चरबीसह काढली, मांडीची लावली. तो तुकडा फॉर्मलिनमध्ये, घट्ट झाकणाच्या बाटलीत, दादू स्वतः घेऊन आला. नुसत्या डोळ्यांना तरी कडा स्वच्छ.

१७ मार्च, रविवार

नोंद पूर्ण करण्यासाठी जासईला जाऊन आले. लावलेली कातडी धरली आहे. ती काठी घेऊन चालते. नव्या टाचेला काही कळत नाही, म्हणाली. गार नाही, खरखरीत नाही. मीठ आता डावा पाय सांगतो.

"आता सांग," ती म्हणाली. "मी जगतंय का?"

तुळशीराम उठून बाहेर गेला.

मी डॉक्टरांच्या तक्त्यातलं सांगितलं. एवढ्या खोलीचा डाग असलेल्या शंभर बायका घेतल्या, तर पाच वर्षांनी साधारण ऐंशी असतात. हेही सांगितलं की ती मोजणी परदेशातली आहे, गोऱ्या कातडीची, पाठी-पोटऱ्यांवरच्या डागांची. आपल्याकडच्या तळपायांची मोजणी कुणी केलेली नाही, असं डॉक्टर म्हणतात.

"आन मी ऐंशीतली का इसातली?"

"ते सांगता येत नाही."

"कोनालाच?"

"कुणालाच."

तिने मान हलवली. माझ्यावर चिडली नाही, याचं आश्चर्य वाटलं. मी तिच्या जागी असते तर चिडले असते.

निघताना ती म्हणाली, "तू त्या दिशी इचाराया आलीस ना, तवाच मना समजला. दोन जबाब हायत. येकानं पाय ऱ्हातो, येकानं जातो. कंचा बरा, ते मी तुज्या तोंडावर सोदत होतू. तितं कायच नवता. दगड."

"मग?"

"मंग काय. खरा सांगितला."

मी चहा संपवला. एसटी वेळेवर आली.

२ फेब्रुवारी १९९२, रविवार

एक वर्ष. शहाबाईंनी सांगितलं म्हणून तिला जांघ स्वतः चाचपायला शिकवलं: आठवड्याला एकदा, झोपून, चार बोटांनी. काय शोधायचं? मी म्हणाले, वाटाण्याएवढी टणक गाठ. ती म्हणाली, "मिठाचा खडा वल्या फडक्यात असतो, तसा." माझ्यापेक्षा बरोबर सांगितलं. आता इतरांनाही तसंच सांगते.

तिने मिठाची पुरचुंडी दिली. आक्काच्या पत्रात पुण्याच्या इंजिनिअरच्या स्थळाबद्दल पुन्हा विचारलं आहे. उत्तर लिहायचं राहिलं.

१४ नोव्हेंबर १९९३, रविवार

बोटांना खडा लागला म्हणून ती गुरुवारी एकटी चालत आली. उजव्या जांघेत, दीड सेंटिमीटर. शहाबाईंनी सुई घालून पेशी घेतल्या. काचा मी रंगवल्या.

आधी डॉक्टरांना द्यायच्या असतात. मी आधी पाहिल्या.

साधी सूज. पायाच्या अंगठ्यात शिंपल्याचा तुकडा रुतला होता, त्याची. डॉक्टरांनी पाहून तेच सांगितलं. ते म्हणाले, खुर्चीवर बस. मी बसलेलीच होते.

गुरुवार ते शनिवार बाकी कामात तीन काप वाया गेले. कारण सापडलं नाही. पातं बदललं.

४ फेब्रुवारी १९९६, रविवार

आज पाच वर्षं. डॉक्टर आता दुपारपर्यंतच बसतात. आतली खोली मी बघते. रजिस्टरात नववा रकाना आहे: ‘नमुना औषधात केव्हा घातला, केव्हा काढला, रुग्णाच्या शब्दांत.’ त्यात कोंबडा आरवला आहे, गिरणीचा भोंगा वाजला आहे, शाळा सुटली आहे. एकदा नमाजाची बांग आहे. प्रत्येकाचं घड्याळाशी जमवता येतं. विचारायला वेळ लागतो, एवढंच. ‘ठाऊक नाही’ पाच वर्षांत चार वेळा. चारही वेळा विचारून.

सकाळच्या एसटीने जासईला गेले. आगर राहिलं नाही. मुरूम टाकून भरलं, त्यावर कंटेनर रचलेत, लाल आणि निळे. ज्या वाफ्यात मीठ काढायचा तिथे तुळशीराम वॉचमनची खुर्ची टाकून बसतो. मला सलाम ठोकला, हसला. बाहेरचा बांध आणि उघाडी तेवढी उरली आहे.

ती बांधावर होती. काठी नाही. शहाबाईंनी परवा तपासलं: जांघ मोकळी, छाती मोकळी, टाचेवर काही नाही. मी ते कागदावरून वाचून दाखवलं, कारण वाचायला कागद असला की बरं पडतं.

"म्हंजे मी कंच्यातली, समजला?"

"ऐंशींतल्या."

ती हसली. तोंडावर पदर घेऊन, खांदे हलवत. मीही हसले असेन, कारण ती म्हणाली, "दगड फुटला." मग पदर खाली घेतला. खाडीकडे बघत होती.

"आन त्या इस?"

मला कळलं नाही.

"त्या इस बाया. त्यांच्या घरी कोन गेलं होतं का? इचाराया, पानी कंदी उतारला?"

त्या विसांची खोली, वय, गाठी, सगळं तक्त्यात आहे. हे नाही. मी तसं सांगितलं.

"मंग तुजा तक्ता आर्दाच हाय," ती म्हणाली.

आज पुनव. पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. वर अर्धा तास. मी म्हणाले, पावणेबाराला पाणी थांबेल. खांब अजून आहे. मी घड्याळ हातात धरून त्याच्यावर नजर ठेवली. अकरा पंचेचाळीस. अकरा पन्नास. काडी अजून आत सरकत होती.

तिने चप्पल काढली, बांधावरून खाली उतरून डावा पाय पाण्यात ठेवला आणि उभी राहिली. उजवा, मांडीची कातडी लावलेला, कोरड्या दगडावर.

"थांबला," ती म्हणाली.

काडी थांबलेली मला त्यानंतर दिसली. अकरा त्रेपन्न. मी वहीत लिहून घेतलं.